शंख फुटतो तेव्हा

मोपा-पेडण्याच्या श्रोत्याला शंख म्हटला की देवळातील पूजा आठवते. विल्यम गोल्डिंग यांच्या १९५४ सालच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत मात्र तो सभेचे चिन्ह आहे. ज्याच्या हाती शंख, त्यानेच बोलावे. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले हा नियम स्वतःच करतात व स्वतःच मोडतात. ही कथा मराठीत आणली जी. ए. कुलकर्णी यांनी. लेखक व अनुवादक दोघेही अध्यापक, हे विसरू नये.

या पतनाची खरी खूण एका लहानशा प्रसंगात सापडते. रॉजर हा मुलगा धाकट्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, पण प्रत्येक दगड मुद्दाम बाजूला पाडतो. आईबाप, शाळा, पोलीस, कोणीही तेथे नाही. तरी त्यांचा धाक त्याच्या हातात शिल्लक आहे. पुढे हाच रॉजर कड्यावरून प्रचंड शिळा लोटतो. पिगी मरतो, आणि त्याच्याजवळच्या शंखाचा चुरा होतो. रॉजरचा स्वभाव पालटला असे नव्हे. तो धाक तेवढा ओसरला.

मग माणूस मुळातच दुष्ट समजावा काय? १९६५ साली टोंगातील एकाच शाळेची सहा मुले वादळात सापडून ‘अता’ या ओसाड बेटाला लागली. १९६६ मध्ये सुटका होईपर्यंत, एकदा पेटवलेला विस्तव त्यांनी विझू दिला नाही. एकाचा पाय मोडला, तो इतरांनी बांधून बरा केला. गोल्डिंगच्या बेटावर मात्र जहाजांना धूर दिसावा म्हणून पेटवलेला जाळ राखायचे सोडून मुले शिकारीला गेली, आणि नेमके तेव्हाच एक जहाज समोरून निघून गेले.