नऊशे रुपयांची परीक्षा

माझं काम डाय कोरण्याचं. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची. सोनार तिच्यावर पातळ पत्रा ठोकतो आणि कानातलं उठून येतं. वाढवण, वरोर, चिंचणी या पट्ट्यात असे कारागीर पुष्कळ. कमाईचा हिशेब आम्ही डायमागे, वहीत ठेवतो. लेकीच्या प्रवेशाचा खर्चही मी त्याच वहीत, मागच्या पानावर लिहीत गेलो.

तिला भूशास्त्रात एम.एस्सी. करायचंय, आयआयटीत. त्यासाठी ‘जॅम’ ही परीक्षा. सात विषयांतून आपला पेपर निवडायचा. 2025 च्या परीक्षेला एका पेपरचे 1800 रुपये होते; मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना 900. म्हटलं, स्वस्तात सुटलो. ओबीसी मुलाला मात्र पूर्ण 1800, हे शेजारच्या पोराला फॉर्म भरताना कळलं.

मग दाखला. ओबीसीचं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र घरात होतं, पण राज्याच्या नमुन्यातलं. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. पहिल्या खेपेला सर्व्हर डाऊन, दुसऱ्या खेपेला साहेब बैठकीला. चार खेपा झाल्या. चार दिवस छिन्नीला हात नाही, आणि ते कुठल्या पावतीवर येत नाही.

रांगेत एकाने विचारलंच, पोरगी दगड शिकून काय करणार? 30 ऑगस्ट 2024 ला 76 हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हापासून गावात कुठलाही विषय निघाला की बंदरावर जातो. मी म्हटलं, तुमचं बंदर तरी कशावर उभं राहणार?

मुंबईतला क्लास झेपणारा नव्हता; मोबाईलवरचा घेतला. पेपर इंग्रजीतच. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. एका गुणाचा एकच पर्याय बरोबर असलेला प्रश्न चुकला, तर वरून एक तृतीयांश गुण कापतात. आकड्यात उत्तर लिहायचं असेल तर कापत नाहीत. आणि गुण चांगले पडले म्हणजे प्रवेश झाला असंही नाही. निकालानंतर पुन्हा वेगळा अर्ज, पुन्हा वेगळं शुल्क. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

परीक्षा 2 फेब्रुवारीला, रविवारी. केंद्र नवी मुंबईत. वाणगावहून लोकल आहे, पण रविवारच्या मेगाब्लॉकवर वर्ष कोण टांगून ठेवणार? आदल्या दुपारीच निघालो, ऐरोलीला मेव्हण्याकडे उतरलो. रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून चिकू आणि सुके बोंबील. तेही वहीत लिहिलं. बायको म्हणाली, पाहुण्याला नेलेलं काय लिहिता? मी खोडलं नाही.

फाटकावर तपासणीत तिला कानातली काढायला लावली. धातूचं काही आत चालत नाही. तिने ती माझ्या हातात दिली आणि मागे न बघता गेली. समोरच्या कट्ट्यावर आणखी बरेच बाप बसले होते, मीही बसलो. कानातली माझ्याच डायवरची. तीन तास दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून निरखून पाहिली. एका फुलाची चौथी पाकळी उथळ उतरली होती.