सुरतेचा बोका आणि आजीची सुई

गेल्या हिवाळ्यात एका विवाहाच्या निमित्ताने सुरतेस जाण्याचा योग आला. उधना स्थानकाच्या परिसरात आपल्याकडील एक कुटुंब कित्येक वर्षांपासून राहते. घरचा कर्ता पुरुष यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. रात्रीच्या जेवणास अवकाश होता म्हणून बाहेरच्या खोलीत बोलत बसलो होतो. इतक्यात घड्याळात सात वाजले आणि गप्पा आपोआप थांबल्या. आजी इन्सुलिन टोचून घेण्यास आत गेल्या. महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने फ्रीजमधून दुसरीच एक डबी काढली, उकडलेल्या मासळीची बशी जमिनीवर ठेवली आणि घरचा पिवळा बोका तिच्यात तोंड घालून खाऊ लागला, तेव्हा त्याच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून बारीकशी सुई हलकेच टोचली. बोक्याने मान वर करून पाहण्याचीही तसदी घेतली नाही.

मला प्रथम ती थट्टाच वाटली. ‘‘नाही फादर,’’ मुलगा म्हणाला, ‘‘सोन्यालाही मधुमेह आहे. आजीला आहे तोच.’’

वाचकहो, मांजरे आपल्या घरोघरी असतात; परंतु त्यांना हा विकार होतो हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. मलाही नव्हते. म्हणून त्या घरी जे पाहिले व त्यानंतर पशुवैद्यांना विचारून जे समजून घेतले, ते येथे देत आहे.

प्रथम ध्यानात आले ते पाणी. मांजर स्वभावतः पाणी थोडे पिते. हा बोका मात्र न्हाणीघरातील बादलीवर पुढचे पाय टेकून पाणी पिऊ लागला, आणि त्याच्या मातीच्या परातीत दिवसाकाठी दुप्पट ओल दिसू लागली. खाणे राक्षसासारखे, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. शेवटी तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकून चालू लागला. निरोगी मांजर नेहमी बोटांवर चालते. टाच टेकणे ही वाढलेल्या शर्करेने पायांच्या मज्जातंतूंस इजा झाल्याची खूण होय. शेजाऱ्यांनी ‘‘म्हातारा झाला’’ असा निवाडा दिला. आजींनी मात्र तहान आणि लघवी एवढे ऐकताच रोग ओळखला. ज्याचे जळते त्यालाच कळते, म्हणतात ते असे.

मांजरांचा मधुमेह बहुधा प्रौढ माणसांच्या मधुमेहासारखा असतो. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होते, परंतु ते अपुरे पडते आणि शरीर त्यास दाद देत नाही. लठ्ठ, घरबसे, वयस्कर आणि खच्ची केलेले बोके या विकारास विशेष बळी पडतात. खाज किंवा दमा यांसाठी दिलेल्या स्टेरॉइड औषधांनीही तो उद्भवू शकतो. गावाकडचे मांजर उंदीर, पाली धरून खाते; त्या आहारात पिष्ट पदार्थ जवळजवळ नसतातच, आणि मांजराचे यकृत घडलेलेही तशाच आहारासाठी आहे. शहरातील दोन खोल्यांत आपण त्याला दूधपोळी, बिस्किटे, भात चारतो व पलंगावर निजवतो. सोन्याचेही तेच झाले होते. म्हणून उपचारात मासळी, कोंबडीचे मांस, अंडे असा आहार मुख्य, आणि पोळीभात वर्ज्य. मात्र लठ्ठ मांजराला एकाएकी उपाशी ठेवू नये, त्याने यकृताचा घातक विकार जडतो. वजन हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावे.

इन्सुलिन बहुतेक मांजरांना दिवसातून दोनदा, बारा बारा तासांच्या अंतराने, कातडीखाली द्यावे लागते. मात्रा फार अल्प, बहुधा एखाद्या युनिटापासून सुरुवात. आणि येथेच त्या घरात अनर्थ ओढवता ओढवता राहिला.

आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असणारे आणि १०० युनिट असणारे. त्यांच्या सिरिंजाही निरनिराळ्या; चाळीसच्या सिरिंजेचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजेचे नारिंगी. आजींचे औषध चाळीसचे होते, बोक्याचे ग्लार्जिन शंभरचे. एका सायंकाळी बोक्याच्या सिरिंजा संपल्या होत्या. मुलाने आजीची लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि नेहमीप्रमाणे दोन रेघा भरल्या. रेघ ती रेघच, असे त्याला वाटले. परंतु चाळीसच्या सिरिंजेतील दोन रेघा म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. शंभरच्या औषधाचे त्यात पाच युनिट भरतात. दोनाच्या जागी पाच! मध्यरात्रीनंतर कपाटामागे बोका झोकांड्या खात असलेला आढळला. हाक मारली तरी ओळख दाखवीना.

आजींनी त्या वेळी जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी मधाचे बोट बोक्याच्या हिरड्यांवर चोळले, आणि पुन्हा चोळले. साखरेचे पाणी घशात ओतले नाही; शुद्ध हरपलेल्या प्राण्याच्या घशात पाणी ओतले तर ते फुफ्फुसात जाते. मुलाने डॉक्टरांना दूरध्वनी केला. पहाटे बोक्याला दवाखान्यात नेऊन शिरेतून ग्लुकोज दिले, तेव्हा तो सावरला. मुलगा मला म्हणाला, ‘‘फादर, त्या रात्री मी आजीकडे पाहू शकलो नाही.’’ चूक उलट दिशेने झाली असती तर, हा विचार त्याच्या मनातून जात नव्हता.

वाढलेली साखर बहुधा दिवसागणिक झिजवते; उतरलेली साखर घटकेत प्राण घेते. बोका जेवला नाही वा त्याने ओकारी काढली, तर सुई देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आजीआजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मनानेच मांजरास चारणे तर सर्वस्वी टाळावे.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. मांजर दवाखान्यात घाबरले की निव्वळ भीतीनेच त्याची रक्तशर्करा तीनशेपर्यंतही चढू शकते. म्हणून एकाच तपासणीवर मधुमेहाचा शिक्का मारीत नाहीत. मागील दोनतीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतात. घरी कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर रक्त घेऊन शर्करा पाहता येते. सोन्याचा कान आता नातवाच्या हाताला सरावला आहे.

१९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन हस्तगत केले आणि जानेवारी १९२२ मध्ये तेथील चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचले. पुढे अनेक वर्षे गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांपासून काढलेल्या औषधावर माणसे जगली. मांजराचे इन्सुलिन व गाईचे इन्सुलिन यांत अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक आहे. जनावरांकडून आपण इतके घेतले, तर दोन युनिट परत गेले म्हणून बिघडले कोठे, असे मला वाटून गेले.

तथापि जेवताना पाहुण्यांपैकी एकाने आक्षेप घेतलाच: ‘‘माणसांना औषध मिळत नाही, आणि इथे बोक्याला सुया!’’ हा आक्षेप मी पोकळ मानत नाही. तीनशे युनिटांच्या लहान कुपीतले बोक्याला महिन्यास सव्वाशेही लागत नाहीत, आणि उघडलेली कुपी अठ्ठावीस दिवसांनी टाकावी असा नियम. निम्म्याहून अधिक औषध वाया जाते. त्या घरात आजींचे औषध एकदाही चुकलेले नाही, म्हणून मला तेथे काही वावगे दिसले नाही. जेथे म्हाताऱ्यांच्या औषधाचीच ओढाताण आहे, तेथे डॉक्टरांना ऐपत मोकळेपणी सांगावी. आहार बदलणे तरी बहुतेकांस शक्य असते. काहीच शक्य नसेल तर डॉक्टरांच्या हातून वेदनारहित अंत बरा. पण पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून येणे, हे आपल्याकडे सर्रास चालते, ते मला पाहवत नाही.

सुरतेला या गोष्टीचे नावीन्य नाही. १६८९ साली तेथे आलेला इंग्रज पाद्री ओविंग्टन याने आजारी, लंगड्या व वृद्ध जनावरांसाठी शहराजवळ असलेल्या दवाखान्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. आपल्या भागातील वाचकांना मुंबईत परळचे पेटिट रुग्णालय जवळ पडेल. ते एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करीत आले आहे. सुरतकरांना नवसारीचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे.

लवकर उपचार झाले आणि आहार सांभाळला, तर काही मांजरांची सुई काही महिन्यांत सुटतेही. सोन्याची सुटलेली नाही. मात्र त्याच्या टाचा आता जमिनीला लागत नाहीत. मी निघताना फ्रीज उघडून पाहिला: आजीच्या डबीला लाल दोरा, बोक्याच्या डबीला नारिंगी, आणि दोन्ही डब्या निरनिराळ्या कप्प्यांत. ‘‘दोरा मीच बांधला,’’ आजी म्हणाल्या, ‘‘पोराला चष्मा लागलाय, आणि मला तर दिसतच नाही.’’