पट्टे पुसले तर क्रॉसिंग उरतं का?

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि टिळक रस्ता एकदम रुंद झाला. तोवर हात दाखवत, रिक्षांमधून वाट काढत मी पलीकडे पोचायचे. आता क्रॉसिंग कुठे आहे यापेक्षा ते कसलं आहे, हे आधी कळलं तर बरं, असं वाटू लागलं.

त्या नादात ओपनस्ट्रीटमॅपकडे वळले. 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा कुणीही भरू शकतं. फोनवरचं स्ट्रीटकम्प्लीट हे अ‍ॅप भर रस्त्यात परीक्षा घेतं: इथे सिग्नल आहे, नुसते पट्टे आहेत, की काहीच नाही? मध्ये थांबायला जागा?

घोळ आहे तो नावांत. पट्टे आहेत पण सिग्नल नाही, अशा जागेला या नकाशात 'अनकंट्रोल्ड' म्हणतात. मी समजले, आपल्या वाहतुकीलाच नाव ठेवलंय! 'झेब्रा'ची गंमत आणखी वेगळी. ब्रिटनमध्ये 1951 साली आलेला झेब्रा म्हणजे पट्टे, बाजूला लुकलुकणारे पिवळे दिवे आणि पादचारी पट्ट्यांवर उतरला की गाडीने थांबायचं हा कायदा. बटण दाबून सिग्नल मिळतो तो पेलिकन, सायकलवाल्यांनाही चालतो तो टूकन, आणि घोडेस्वारांसाठी चक्क पेगॅसस. इतरत्र मात्र लोक कुठलेही पांढरे पट्टे दिसले की 'झेब्रा' लिहून मोकळे होतात. म्हणून आता पट्टे कसे आहेत आणि सिग्नल आहे का, या दोन नोंदी वेगळ्या करण्याची पद्धत रुजते आहे. फुटपाथच्या कडेला उतार आहे का, अंधांना पायाने कळतील अशा उंचवट्याच्या फरश्या आहेत का, हेही स्वतंत्रपणे लिहिता येतं. माझ्या गुडघ्याला विचाराल तर पट्ट्यांपेक्षा तो उतार मोलाचा.

आमच्या कोपऱ्यावर मी अडले. पावसाळ्यानंतर तिथे पट्ट्यांची फक्त टोकं उरली होती, दुभाजकाला चिकटून. 'पट्टे आहेत' असं लिहायला बोट शिवशिवत होतं. इतकी वर्षं होते की! पण या नकाशाचा शिरस्ता असा, की जमिनीवर आज दिसतं ते लिहायचं, असायला हवं ते नाही. माझ्या भरवशावर कुणी व्हीलचेअर घेऊन तिथे आलं तर? 'पट्टे नाहीत' लिहिलं. दुभाजकात थांबायला जागा: आहे. फुटपाथला उतार: नाही.

दिवाळीच्या आधी ताजे पट्टे उमटले. रंग वाळायच्या आत मी नोंद बदलली. उताराची तशीच ठेवली.