नथ तीच, दिवा तोच, मग फोटो काळा का?

आजीची नथ मोडून आम्हा दोघी नातींना कानातलं करायचं ठरलं. शुक्रवारी सोनाराकडे जायचं होतं. त्याआधी नथीचा एक झक्कास क्लोज-अप हवा, ही जबाबदारी अर्थातच माझी. पाच दिवस एक्सेल आणि वीकेंडला फिल्म कॅमेरा, हा आपला फंडा!

रविवारी दोन कॅमेरे मांडले. माझा 35 मिमीचा एसएलआर आणि मित्राकडून आणलेला 4 बाय 5 इंचांचा. दोन्हींत 100 आयएसओची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. एसएलआरच्या मीटरने एफ-16 ला 1/8 सेकंद सांगितलं. तेच आकडे मोठ्या कॅमेऱ्यालाही लावले.

छोटी निगेटिव्ह मस्त आली. मोठीत फक्त मोती, खडे आणि तार अंधारात गडप. आजी म्हणाली, “अगं, नथ तीच, दिवा तोच, मग एवढा अंधार आला कुठून?”

उत्तर फिल्मच्या आकारात होतं. नथीभोवतीच्या पैठणीसकट मी 72 मिमी रुंदीचा भाग टिपत होते. 35 मिमीची फ्रेम 36 मिमी रुंद, म्हणजे तिथे नथ निम्मी. मोठ्या फिल्मची फ्रेम साधारण 120 मिमी, म्हणजे तिथे ती 1.67 पट. वस्तू तेवढी मोठी करायची तर लेन्स फिल्मपासून लांब न्यावी लागते. माझ्या 150 मिमीच्या लेन्ससाठी कॅमेऱ्याचा भाता चक्क 400 मिमी ताणला होता. तोच प्रकाश जास्त जागेवर पसरला की पातळ होणारच ना!

हिशोब सोपा आहे. लेन्स ते फिल्म हे अंतर फुटपट्टीने मोजा, लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा आणि वर्ग करा. 400 भागिले 150, वर्ग केला की सात. म्हणजे सातपट एक्स्पोजर! 35 मिमीला हाच आकडा 2.25 येतो. एसएलआरचा मीटर लेन्समधून आलेला प्रकाशच मोजतो, त्यामुळे त्याने ही वाढ आधीच धरली होती. उरलेली तीनपट मी विसरले. लांबच्या डोंगराचा फोटो असता, तर हे विसरून चाललं असतं.

बुधवारी ऑफिसातून पळत घरी आले. एकच शीट उरली होती. या वेळी 1/8 ऐवजी 1/2 सेकंद. गुरुवारी रात्री बाथरूममध्येच धुतली. खडा न् खडा दिसत होता!

शुक्रवारी नथ गेली. फोटो आजीच्या कपाटात आहे, नथीच्याच डबीखाली.