रसद आणि हत्यार

मागचा भाग पाहून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर मला झाडलं. "जगात युद्धं पेटलीत आणि तू हवामानबदल घेऊन बसलास? आधी देश, मग झाडं!" त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

लडाखमध्ये बर्फाने रस्ते बंद होण्याआधी हिवाळाभराचं रॉकेल आणि डिझेल वर चढवावं लागे. बुखारीला रॉकेल हवं, आणि ते नेणारा ट्रकही डिझेल पिणारा. 2021 मध्ये सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हावर उबदार राहणारा तंबू करून दाखवला. तेव्हा माझ्या मनात पर्यावरण आलंच नाही. घाटातले ट्रक किती कमी होतील, हेच आलं.

आता हेच देशाला लावून बघा. आपण 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यातलं बरंचसं होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. ते दार आपल्या ताब्यात नाही.

"मग आपला कोळसा आहे की!" रायपूरकरांनो, 2022 चा उन्हाळा आठवा. युक्रेन युद्धामुळे आयात कोळसा महागला, उकाड्याने विजेची मागणी वाढली आणि कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी आपल्याकडच्या कितीतरी पॅसेंजर गाड्या रद्द झाल्या. कोळसा आमच्या जमिनीतला, आणि आमचीच माणसं फलाटावर ताटकळत. त्याच मे महिन्यात काही खाणींना नव्या जनसुनावणीशिवाय उत्पादन वाढवायची मुभा मिळाली. हसदेव अरण्यातले गावकरी तर आधीच, ऑक्टोबर 2021 मध्ये, सुमारे 300 किलोमीटर चालत रायपूरला येऊन गेले होते. जुलै 2022 मध्ये विधानसभेने तिथल्या खाणी रद्द कराव्यात असा ठरावही एकमताने केला. तरी 2023 च्या डिसेंबरात झाडं पडलीच. युद्ध कुठेही होवो, घाईची किंमत अशा गावांकडून वसूल होते.

सहकाऱ्याचा पुढचा मुद्दा मात्र बिनतोड होता. "सोलरचा माल चीनकडून येतो, ते परावलंबन नाही का?" आहे. पण तेल ही रसद आहे, रोज हवी. पॅनेल हे हत्यार आहे, एकदा हातात आलं की 25 वर्षं चालतं. पुरवठा तुटला तर रसद संपते, हत्यार राहतं. शिवाय 2022 च्या ऑक्टोबरपासून युक्रेनची वीजकेंद्रं क्षेपणास्त्रांनी फोडली जात होती. एक मोठं केंद्र नकाशावर सापडतं, लाखभर छपरं कुठे शोधणार?

रात्रीचं काय? आज रात्री रायपूरचे पंखे कोळशावरच फिरणार आहेत, मी नाकारत नाही. माझ्या गच्चीवर तीन किलोवॅटची यंत्रणा आहे, चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिट देते. मात्र बॅटरी नसलेली साधी ऑनग्रिड यंत्रणा लाइन गेली की तीही बंद पडते. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

सहकारी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सबसिडी किती आहे रे?" तीन किलोवॅटला 78 हजार, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीची मापं घेऊन त्याचा परत फोन.