खापरपणजोबांचा माग, निजामी दप्तरात

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांतल्या दप्तरांचे रुमाल पुष्कळ वर्षांनी सुटले. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र देता यावे म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, कोतवाल बुके, खासरा पत्रके असे सगळे बाहेर निघाले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. ऑक्टोबरअखेर 1 कोटी 72 लाख कागद तपासून 11,530 नोंदी सापडल्याचे सरकारने जाहीर केले. आरक्षणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, पण त्या हंगामात खेड्यापाड्यातली माणसे आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारू लागली. तलाठी कार्यालयापुरता उरलेला वंशावळ हा शब्द घराघरांत आला.

मला त्या शोधाचे मोल प्रमाणपत्रापेक्षा मोठे वाटते. नोंदीत 'कुणबी' असा उल्लेख नसला की तो कागद निरुपयोगी ठरून पुन्हा रुमालात जात होता. त्यावर कुणाचे तरी नाव, गाव, बापाचे नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर लिहिलेला होता. अशा कोट्यवधी ओळी आपल्या हातांखालून गेल्या आणि घराण्यांचा इतिहास म्हणून त्या कुणी टिपून ठेवल्या नाहीत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे आठ जिल्ह्यांच्या विभागाचे मुख्यालय आहे. विद्यापीठ इथे आहे, पुराभिलेख खात्याचे कार्यालयही इथेच आहे. हे काम व्हायचे तर या शहरातच व्हायला हवे.

आधी या कागदांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. 1724 पासून 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख बहुतांशी निजामाच्या अमलाखाली होता. दरबारची भाषा आधी फारसी होती, 1880 च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावचा कुलकर्णी मात्र मोडीतच लिहीत राहिला. त्यामुळे एकच शेतकरी गावच्या कागदात 'संताजी बिन राणोजी' म्हणून भेटतो आणि तहसिलीच्या कागदात 'संताजी वल्द राणोजी' म्हणून. उर्दू लिपीत ळ नाही, ण नाही. काळे आणि काले, माळी आणि माली तिथे सारखेच दिसतात. ब, प आणि त यांच्यातला फरक फक्त नुक्त्यांचा, आणि घाईत लिहिणारा कारकून नुक्ते गाळतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द एकमेकांना जोडून आलेले असतात. 'सखूबाई कोम रामजी' असे मोडीत आले तर सखूबाई ही रामजीची बायको. उर्दू तक्त्यातला 'कौम'चा रकाना मात्र जातीचा. नुसती लिपी येणाऱ्याची इथे फसगत होते. त्या गावात कोणती आडनावे नांदतात, देवस्थान कोणते, शेजारची मौजे कोणती, हे ठाऊक असलेला वाचकच नाव बरोबर लावतो.

तारखांचेही तसेच. निजामी कागदावर फसली सन असते. त्यात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येते, म्हणून 1317 फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा म्हणजे 1907-08 चा. मराठी अमलातल्या जुन्या पत्रांवर शुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेले असते, त्यात 599 किंवा 600 मिळवायचे. फारसी सनदांवर हिजरी, धार्मिक कागदांवर शक. एका घराण्याची तीन पिढ्यांची कागदपत्रे जुळवताना चारही कालगणना हाताशी ठेवाव्या लागतात. त्यांत चूक झाली तर मुलगा बापाच्या आधी जन्मतो.

शोधाची वाट आजपासून मागे जाते. सातबारावरून फेरफार क्रमांक काढायचा. वारसाच्या फेरफारात मयत खातेदार आणि त्याचे सगळे वारस एकत्र सापडतात, त्यामुळे एकेक पिढी मागे सरकता येते. अशाने 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत पोचता येते. मराठवाड्यातल्या बहुतेक जमीन-प्रकरणांत हाच पाया धरला जातो. त्याच्या आसपास 1951 चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर आहे. त्यात कुटुंबातल्या बायका-मुलांचीही नोंद असते, म्हणून मला ते फार मोलाचे वाटते. त्यापलीकडे निजामी शेतवार पत्रके, वसूल-बाकीची खाती आणि इनामदार घराणे असेल तर मुंतखब. इनाम कुणाला मिळाले, तो वारल्यावर कुणाच्या नावे चालले, हिस्से कसे पडले, हे मुंतखबात तपासून लिहिलेले असते. शिंदे समितीच्या तपासणी यादीत तर ताडीच्या परवान्यांची आणि कच्च्या कैद्यांची रजिस्टरेही होती. राजघराण्याशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, अशा माणसांचा इतिहास नेमका अशा वह्यांत असतो.

इकडे पुण्याशी तुलना होणे अपरिहार्य आहे. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी 1852 पासून इनाम कमिशन चालवले. त्याच्यापुढे वतनदारांनी आपापल्या कैफियती मांडल्या आणि घराण्यांची मोठी सामग्री एका ठिकाणी गोळा झाली. 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि घरोघरची दप्तरे तिथे येऊ लागली. अनेक कुळांनी आपले कुलवृत्तांत छापले. गोविंद सखाराम सरदेसायांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचे पुस्तक सिद्ध केले. मराठवाडा तेव्हा दुसऱ्या राज्यात होता. इथले महत्त्वाचे कागद हैदराबादला गेले. औरंगाबादच्या किले अर्कमध्ये ठेवलेले शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दीड लाखांहून अधिक मोगली कागद 1916 मध्ये तिकडे हलवले गेले, ते आज तेलंगणाच्या पुराभिलेखागारात आहेत. आपल्या गावच्या जहागीरदाराची नेमणूक पाहायला मराठवाड्यातल्या माणसाला परराज्यात जावे लागते.

या भूमीला वंशलेखनाची परंपरा नाही असे मात्र कुणी म्हणू नये. पैठणचे रामेश्वरभट्ट पुढे काशीला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा नारायणभट्ट काशीतला अग्रगण्य पंडित, आणि नारायणभट्टांचा मुलगा शंकरभट्ट याने आपल्या घराण्याची हकीकत 'गाधिवंशवर्णन' या संस्कृत ग्रंथात लिहून ठेवली. निर्णयसिंधूकार कमलाकरभट्ट याच घराण्यातले, आणि 1674 मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातले.

दुसरे उदाहरण खुद्द औरंगाबादचे. शाहनवाज खान हा निजामाच्या दरबारातला सरदार. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्या बंडात सामील झाल्याने त्याच्यावर मर्जी खप्पा झाली आणि 1742 ते 1747 ही पाच वर्षे तो या शहरात घरी बसून होता. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने 'मआसिर-उल-उमरा' लिहायला घेतला. मोगली उमरावांची शेकडो चरित्रे त्यात आहेत, कोण कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुठून आला, कुठे वारला, या तपशिलासह. पुढे तो निजाम सलाबतजंगाचा दिवाण झाला. 1758 मध्ये याच शहरात त्याचा खून झाला, घर लुटले गेले आणि हस्तलिखिताची पाने विखुरली. त्याचे मित्र कवी आझाद बिलग्रामी यांनी ती पाने शोधून जमवली. शाहनवाजच्या मुलाने, अब्दुल हय याने, ग्रंथ पुरा केला. पदमपुरा, करणपुरा, पहाडसिंगपुरा या वस्त्या ज्या बिकानेरी आणि बुंदेला सरदारांच्या नावाने आजही ओळखल्या जातात, त्यांच्या कुळांचा पत्ता या ग्रंथात लागतो. मित्राच्या मागे त्याचे काम वाचवणाऱ्या आझादांविषयी मला फार कृतज्ञता वाटते. या शहरातल्या प्रत्येक घराणेशोधकाने खुलताबादला गेल्यावर त्यांच्या कबरीपाशी क्षणभर थांबावे.

सरकारी कागदाच्या बाहेरचे मोठे साधन म्हणजे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरला अस्थी घेऊन गेलेल्या माणसाला उपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात आणि त्या कुळाची नामावळी काढतात. यापूर्वी कोण आले होते, त्यांचे वडील, आजोबा, भाऊ, मुले, असे सगळे येणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलेले असते. जुनी पाने मोडीत. नव्याने आलेला माणूस पुढची पिढी लिहून सही करतो. हरिद्वारच्या अशाच वह्यांचे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशशोधक संस्थेने 1977 पासून सूक्ष्मचित्रण केले. गोदावरीकाठच्या वह्यांचेही जतन त्याच काळजीने व्हायला हवे, अर्थात उपाध्यायांच्या संमतीने आणि त्यांचा मान राखून. त्या त्यांच्या घराण्याच्या वहिवाटीच्या वह्या आहेत.

पण या वह्यांत सगळा समाज नाही. अस्पृश्य मानलेल्यांची नावे तिथे कोण लिहिणार होते? त्यांचा माग महार वतनाच्या कागदांत, जन्म-मृत्यूच्या नोंदींत आणि शाळेच्या रजिस्टरात काढावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तिथे शिकलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणी हासुद्धा घराण्यांच्या इतिहासाचाच भाग आहे आणि ती पिढी आता थकली आहे.

बायकांचे तर विचारूच नका. वंशावळीच्या तक्त्यात बापाखाली मुलगे येतात. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी थांबते. सुनेचे माहेर कुठले, हे तक्ता सांगत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचे नाव बंधनकारक केले, त्याचा लाभ पुढच्या शोधकांना होईल. मागच्या सगळ्या आज्या-पणज्यांसाठी मात्र घरातल्या तोंडी आठवणीखेरीज फारसे काही हाती नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की संभाजीनगरात सर्व जातिधर्मांच्या कुटुंबांसाठी एक वंशेतिहास मंडळ उभे राहिले पाहिजे. मोडी आणि उर्दू वाचणारे लोक, निवृत्त तलाठी, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले कर्मचारी, विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे विद्यार्थी, एवढे लोक आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसले तरी काम सुरू होईल. शिंदे समितीसाठी तपासलेले कागद नावनिहाय आणि गावनिहाय सूची करून लोकांना पाहता आले पाहिजेत, मग त्यात कुणबी शब्द असो वा नसो. पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेते, त्यांना जोडून उर्दू शिकस्ता, म्हणजे घाईची जोडून लिहिलेली लिपी, वाचण्याचा वर्गही सुरू व्हावा.

मंडळ उभे राहीपर्यंत प्रत्येकाला करता येईल असे एक काम आहे. या दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिचे माहेर, तिच्या आईचे नाव, आईचे माहेर, लहानपणी वारलेली भावंडे, दुष्काळात घर सोडून कोण कुठे गेले, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारीख टाका. सातबारा आणि खासरा नंतरही मिळेल.