एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

जठारपेठेतल्या आमच्या वर्गात मुलांना कधी कधी एक साधे गणित घालतो. ३६० अंशांचे १२७ सारखे भाग करा. उत्तर येते २.८३४६४५६... आणि भागाकार संपता संपत नाही. मुले लगेच विचारतात, "सर, १२७ च का?" प्रश्न रास्त आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांची यंत्रे विलायतेतून आली आणि त्यांच्या नटबोल्टांचे आटे इंचाच्या मापाचे होते. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली, पण जुनी यंत्रे काही एका रात्रीत मिलिमीटरची झाली नाहीत. समजा, अशा यंत्राचा बोल्ट मिलिमीटरच्या लेथवर बनवायचा आहे. एका इंचात ८ आटे हवेत, म्हणजे दोन आट्यांतले अंतर २५.४ भागिले ८, म्हणजे ३.१७५ मिमी. लेथच्या मुख्य स्क्रूचे आटे ६ मिमीचे असतील, तर गुणोत्तर १२७/२४० येते. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे अपूर्णांकाला आणखी संक्षेप देता येत नाही. इंच आणि मिलिमीटर तंतोतंत जोडायचे तर १२७ दात्यांचे चाक लागतेच. (ते नसेल तर कारागीर ६३ दात्यांच्या चाकावर भागवतात. त्यात इंचामागे जेमतेम ०.००३ मिमी फरक पडतो. साध्या बोल्टला तो चालून जातो.)

आता हे चाक कापायचे कसे? जुन्या पद्धतीत मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड बसवतात. त्याचा दांडा ४० वेळा फिरवला की चाक एकदा फिरते. २० दाते हवे असतील तर दर दात्याला दोन फेरे. २३ दात्यांसाठी एक पूर्ण फेरा आणि २३ भोकांच्या वर्तुळावर आणखी १७ भोके. १२७ साठी मात्र १२७ भोकांचे वर्तुळ हवे, आणि नेहमीच्या तबकड्यांवर ते नसते. मग तबकडीच जोडचाकांनी हळूहळू सरकवत ठेवण्याची युक्ती करावी लागते. युक्ती सुंदर आहे, पण मांडणी करताना घाम फुटतो.

संगणकावर चालणाऱ्या मशीनला चौथा, फिरता अक्ष जोडला की भोकांची कटकट संपते. कोन सांगा, चाक तेवढे फिरते. कटर एक खाच कापतो, वर उचलला जातो, चाक फिरते, पुढची खाच. हत्याराने कसे जायचे हा मार्ग 'कॅम' प्रणाली संगणकावर आखून देते. काम इतके सोपे दिसते की पुष्कळजण सरळ आज्ञा लिहितात: "२.८३ अंश फिर, खाच काप," आणि ती पुन्हा पुन्हा करायला सांगतात.

इथेच घात होतो. पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत चाक १२६ वेळा फिरते. दर वेळी ०.००४६ अंश कमी, म्हणजे शेवटी सुमारे ०.५८५ अंशांची तूट. दोन मॉड्यूलच्या या चाकाची त्रिज्या (दात्याच्या मध्यावर) १२७ मिमी आहे; तिथे ही तूट १.३ मिमी होते. दाता असायला हवा ३.१४ मिमी जाड, पण शेवटचा होतो ४.४४ मिमी! जोडीच्या चाकाची खाच ३.१४ मिमीचीच असल्याने तो तिच्यात शिरणार नाही. तीन दशांश स्थळे घेऊन २.८३५ लिहिले तरी शेवटचा दाता ०.१ मिमीने बारीक होतोच.

उपाय दशांश स्थळे वाढवणे हा नव्हे. प्रत्येक खाचेचा कोन मागच्या खाचेपासून न मोजता शून्यापासून मोजायचा: खाचेचा क्रमांक गुणिले ३६०, भागिले १२७, आणि आकडा सर्वांत शेवटी तोडायचा. मग कोन येतात ०, २.८३५, ५.६६९, ८.५०४, ११.३३९... मधली अंतरे पाहा: २.८३५, २.८३४, २.८३५, २.८३५. मशीन कधी किंचित जास्त फिरते, कधी किंचित कमी, लीप वर्षाच्या जादा दिवसासारखे. चूक राहते, पण साठत नाही. कोणत्याही खाचेची चूक ०.०००५ अंशांपेक्षा, म्हणजे सुमारे ०.००११ मिमीपेक्षा, जास्त होत नाही. मशीनच्या भाषेत पहिल्या पद्धतीला जी-९१ आणि दुसरीला जी-९० म्हणतात.

दात्याच्या आकाराचा प्रश्न वेगळा. डब्याभोवती गुंडाळलेला दोरा ताणून सोडवत गेले की त्याच्या टोकाची पेन्सिल जी वक्ररेषा काढते, तोच दात्याच्या बाजूचा आकार. दात्यांची संख्या बदलली की ही रेषा किंचित बदलते. तयार कटरच्या संचात आठ क्रमांक असतात. त्यातला दुसरा ५५ ते १३४ दात्यांना वापरतात, म्हणजे १२७ ला थोडी तडजोड आलीच. कॅममध्ये साध्या बारीक कटरने खरी रेषा लहान लहान टप्प्यांत कोरता येते. पण बुडाशी खाच अरुंद असते, तिथे बारीक कटर मोडतो आणि वेळही फार जातो. मला तरी एका चाकासाठी तयार कटरच बरा वाटतो.

फिरत्या अक्षाला थोडी ढिलाई असतेच. ०.०२ अंशांची ढिलाईसुद्धा या चाकावर ०.०४४ मिमी होते, म्हणून प्रत्येक खाचेकडे एकाच दिशेने यावे आणि कापताना अक्ष जखडून ठेवावा. धातूआधी नायलॉनची चकती लावून पाहावी. शेवटच्या आणि पहिल्या खाचेमधला दाता व्हर्निअरने मोजावा. साठलेली चूक असेल तर ती त्याच दात्यात सापडते.